तिच्या ‘हो’चा अर्थ

सांगलीत विश्रामबागेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची चार तिसऱ्या मजल्यावर, लकवा झालेल्या बायकांच्या वॉर्डात. सहा खाटा होत्या. पेशंट महिना महिना राहायच्या, त्यामुळे कोणाला चहा गोड लागतो आणि कोणाचा लेक फोन उचलत नाही, हे सगळं आम्हाला ठाऊक असायचं.

अक्का आली तेव्हा थंडी नुकतीच सरत होती. आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, वय बेचाळीस. नवरा कळप घेऊन कोकणाकडं उतरला होता. एका सकाळी शेळीची धार काढता काढता तिचा उजवा हात गळून पडला, मग पाय, आणि बोलणंही गेलं. सोबत तिची धाकटी जाऊ राहिली होती. तिच्या तोंडून ‘अक्का’ ऐकून आम्हीही तिला अक्काच म्हणायला लागलो. बोलण्यातला एकच शब्द उरला होता, ‘हो’. बाकी नुसते आवाज. पण डोळे तल्लख होते. कोण आलं, कोण गेलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं गोळी गादीखाली लपवली, सगळं तिच्या नजरेत असायचं. म्हातारीची गोळी मला तिनंच डाव्या हाताच्या बोटानं दाखवली होती.

पहिल्या आठवड्यात ती बरी होती. दुसऱ्या आठवड्यात बदलली. चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची, आणि मी स्पंजिंगला गेले की डाव्या हातानं गाऊनचा गळा मुठीत धरायची. आठ दिवस बेडपॅन मागणारी बाई अचानक गादी ओली करायला लागली. जाऊ मला बाजूला घेऊन म्हणाली, “आवं सिस्टर, ती आशी न्हवती. लय कडक बाई हाय ती.” मी तिला सांगितलं की या आजारात स्वभाव बदलतो. आम्हाला शिकवलेलंही तसंच होतं.

मला पहिल्यांदा खटकलं ते बीपीच्या तक्त्यावरून. औषध बदललं होतं म्हणून डॉक्टरांनी दर दोन तासांनी बीपी घ्यायला सांगितलं होतं. सकाळी आठला ठीक असायचं, दहाला एकदम वर, दुपारी दोनला परत खाली. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी दहाचं बीपी वरच. रविवारी मात्र दहालाही ते आठच्याइतकंच होतं. पुढच्या रविवारीही तेच. आठवड्यात सहा दिवस दहाच्या सुमारास काय होतं आणि रविवारी काय होत नाही, याचा विचार करत मी तक्ता घेऊन बराच वेळ उभी राहिले. दुसऱ्या आठवड्यापासून रोज सव्वादहाला वॉर्डमामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, व्हीलचेअर घेऊन यायचे आणि अक्काला तळमजल्यावर फिजिओथेरपीला न्यायचे. रविवारी फिजिओथेरपी बंद असायची.

मामा म्हणजे पंचावन्नच्या पुढचा माणूस, सांगलीजवळच्याच एका खेड्यातला. आवाज खरखरीत, वागणं रांगडं. पेशंटला उचलताना पोत्यासारखं उचलायचे. अंगावर चादर टाका आधी, म्हणून मी त्यांना दोनदा रागावले होते. आम्हा बायकांशी बोलताना ते कधी डोळ्याला डोळा देत नसत. एरवी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं.

मी पाळत ठेवली. नियमाप्रमाणे सोबत आयाबाईंनी जायला हवं, पण त्या वेळी त्या धुण्याचे कपडे द्यायला जायच्या. जाऊ लिफ्टला घाबरून जिन्यानं उतरायची. म्हणजे लिफ्टमध्ये मामा आणि अक्का दोघंच. एकदा मी जिन्यानं धावत खाली गेले, तर लिफ्ट अजून आलेलीच नव्हती. आली तेव्हा मामा म्हणाले की दुसऱ्या मजल्यावर थांबते ती, दार नीट लागत नाही. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, थांबते की थांबवता?

संशयाचं असं असतं की तो एकदा एका माणसावर जाऊन बसला की त्या माणसाची प्रत्येक गोष्ट पुरावा वाटते. मामा गप्प असले तर वाटायचं, काहीतरी लपवतायत. बोलले तर वाटायचं, सारवासारव चाललीय. चार दिवसांत माझी खात्रीच झाली.

मग मी ती चूक केली. जाऊ जेवायला खाली गेली होती. मी अक्काच्या खाटेवर बसले, पडदा ओढला, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, “अक्का, मामा तुला त्रास देतात का? नको तिथं हात लावतात का?”

“हो,” अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मी तडक मेट्रनबाईंकडे गेले. बाई कडक, पण कामाला चोख. त्यांनी अर्ध्या तासात मामांची ड्युटी थांबवली आणि ओळखपत्र काढून घेतलं. ऑफिसच्या दारात उभं राहून मामांनी विचारलं, “मी केलं काय?” चौकशी होईल, कळवू, असं त्यांना सांगण्यात आलं. मी तिथंच होते. मी फाईल चाळत राहिले. त्या संध्याकाळी घरी जाताना मला वाटत होतं, आपण एक चांगलं काम केलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्काला खाली न्यायचं काम आयाबाईंकडे आलं. दहाला बीपी घेतलं तर वरच. तिसऱ्या दिवशी त्याहून वर. भीती एवढ्यात जाणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण चौथ्या दिवशी आयाबाईंना वॉर्डात थांबवून मी स्वतः व्हीलचेअर धरली.

लिफ्टमध्ये अक्का शांत होती. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, दार दोनदा उघडून मिटलं, आणि मग खाली निघाली. म्हणजे मामा खरंच सांगत होते. तळमजल्यावर एक्स-रेच्या दारापर्यंत सगळं ठीक होतं. तिथून वळलं की फिजिओथेरपीची खोली. त्या वळणावर अक्कानं डाव्या हातानं चाक धरलं. इतकं घट्ट, की खुर्ची तिरकी फिरून भिंतीला लागली.

दार उघडून फिजिओथेरपिस्ट सर बाहेर आले. चाळिशीचे, हसतमुख, गोड बोलणारे. ते साताऱ्याहून आमच्याकडे आले त्याला वर्ष झालं होतं. सुट्टीवरून येताना सगळ्या स्टाफला कंदी पेढे आणायचे. नातेवाईक त्यांच्यावर खूश, कारण ते प्रत्येकाला वेळ देऊन समजावून सांगायचे. त्यांचा नियम एकच होता की व्यायाम चालू असताना नातेवाईकांनी बाहेर बसायचं. घरचं माणूस समोर असलं की पेशंट कष्ट घेत नाही, म्हणायचे. आम्हाला ते पटलेलं होतं. माझ्या सासऱ्यांचा गुडघा दुखत होता तेव्हा मीच त्यांना सरांकडे नेलं होतं.

“द्या सिस्टर, मी बघतो. तुम्ही वर जा, वॉर्ड मोकळा पडला असेल,” सर म्हणाले.

मी म्हटलं, आज थांबते. त्यांनी पुन्हा हसून सांगितलं. मी पुन्हा थांबते म्हटलं. त्यांचं हसू तसंच राहिलं, पण आत गेल्यावर व्यायामाच्या खाटेच्या पडद्याला घातलेला हात त्यांनी काढून घेतला. त्या दिवशी अक्काचा व्यायाम पंधरा मिनिटांत उरकला. बाहेर टेबलावर वहीत प्रत्येक पेशंटच्या येण्याजाण्याची वेळ लिहिलेली असायची. मी उभ्या उभ्या मागची पानं पाहिली. पुरुषांना पंधरा-वीस मिनिटं, बोलत्या बायकांनाही तेवढीच. अक्काला चाळीस. त्याआधी महिनाभर राहून गेलेल्या, वाचा गेलेल्या आणखी एका बाईलाही चाळीस. व्यायामाला वेळ जास्त लागत असेल, असं कोणीही म्हटलं असतं. मीही स्वतःला तसं म्हणून पाहिलं.

मेट्रनबाईंकडे पुन्हा गेले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आधी मामा, आता सर. उद्या कोण?” त्या म्हणाल्या. माझा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता. एकदा चुकलेली मी दुसऱ्यांदा बरोबर असेन कशावरून? शेवटी एवढंच ठरलं की अक्काला खाली न्यायचं नाही, व्यायाम वॉर्डातच आम्ही सिस्टर करून घेऊ. बाईंनी ते माझ्या सांगण्यावरून केलं, पण त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं.

आठवड्यातून दोनदा मिरजेहून एक बाई वाचा गेलेल्या पेशंटना शिकवायला यायच्या. वयानं माझ्याहून लहान, बोलणं शांत. मी त्यांना गाठून मामांचं सांगितलं आणि अक्का ‘हो’ म्हणाली होती, हेही सांगितलं. अक्कासमोर बसून त्यांनी चमचा धरला आणि विचारलं, हा चमचा आहे का? अक्का म्हणाली, हो. तोच चमचा धरून विचारलं, हे मांजर आहे का? अक्का म्हणाली, हो. लगेच तिनं मान झटकली, स्वतःवरच चिडल्यासारखी, पण तोंडातून पुन्हा ‘हो’च आलं.

हे मी आधी पाहिलं होतं. पाणी हवं का विचारलं की अक्का ‘हो’ म्हणायची आणि ग्लास पुढे केला की ढकलून द्यायची. रोज पाहिलं होतं. आणि त्याच ‘हो’वर मी एका माणसाची नोकरी घालवली होती.

“तिला सगळं कळतं,” त्या बाई मला म्हणाल्या, “फक्त शब्द हाताला लागत नाही. तुम्ही नाव घालून विचारलंत, तिनं जे एकच येत होतं ते दिलं. ती रडली, कारण कोणीतरी पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल विचारलं.”

पुढचे पाच दिवस त्या रोज आल्या. डाव्या हाताचा अंगठा वर म्हणजे होय, खाली म्हणजे नाही, असं त्यांनी बसवलं आणि चमचे, मांजरं, दिवस-वार अशा साध्यासुध्या प्रश्नांवर ते पक्कं होईपर्यंत दुसरं काही विचारलं नाही. मला सांगितलं की तुम्हीही काही विचारू नका, जे दिसेल ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि त्याचा अर्थ लिहू नका. मी एक वही केली, आधी पाहिलेलंही तारखेसह उतरवलं. ‘सव्वादहा, वळणावर चाक धरलं.’ ‘पांढरा कोट घातलेले पुरुष डॉक्टर आले, गळ्याशी मूठ.’ एवढंच.

पाचव्या दिवशी बाईंनी चित्रांचा तक्ता अक्काच्या मांडीवर ठेवला. त्यात भांडी, औषधं, माणसाच्या शरीराचं चित्र, असं सगळं होतं. कुठं दुखतं हे दाखवायला तो तक्ता असतो. कोणी काहीच विचारलं नव्हतं. अक्कानं बोट शरीराच्या चित्रावर ठेवलं, छातीवर, मग खाली. मग हात उचलून हवेत पडदा ओढल्यासारखा केला, एकदा, दोनदा. तिनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. कळलं का, असं विचारत होती.

बाई म्हणाल्या, “कळलं, अक्का. आमचा विश्वास आहे.” मग मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या की आता पुढचं आपण विचारायचं नाही, ज्यांचं काम आहे त्यांनी विचारायचं. लहान मूल असतं तर पोलिसांना कळवावंच लागलं असतं. ही शहाणीसुरती बाई आहे, तेव्हा तक्रार करायची की नाही ते तिनं ठरवायचं.

जावेला सांगणं मला सगळ्यात अवघड गेलं. ती जिन्यात बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “आमच्या माणसास्नी कळलं तर ती त्याला जिता सोडायची न्हाईत,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “आन् तिलाच बोल लावतील, त्ये बी हाय. म्या रोज भायेर बाकावर बसले व्हते. दाराच्या भायेर.” मी तिला सांगितलं की आम्ही सगळेच दाराबाहेर होतो.

अक्काला आम्ही तिघींनी मिळून विचारलं. तक्रार करायची? अंगठा वर. घरच्यांना आज सांगायचं? अंगठा खाली. मग तिनं जावेकडे बोट केलं आणि अंगठा वर केला. जावेनं सोबत राहावं, असं.

मेट्रनबाईंनी वर कळवल्यावर हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांनी त्यांना आणि मला केबिनमध्ये बसवून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी मांडलेला तोडगा असा होता की सरांना उद्याच राजीनामा द्यायला सांगू, अक्काचे पुढचे उपचार आपण नीट करू, आणि विषय इथंच थांबवू. पेशंटच्या बदनामीचा विचार करा, म्हणाले. मी विचार करायला एक दिवस मागितला. खरं सांगायचं तर मला तो तोडगा बरा वाटला होता. आधीच एकदा तोंडघशी पडले होते.

संध्याकाळी साताऱ्याच्या मैत्रिणीला फोन केला. माझं माहेर लोणंदकडचं. साताऱ्यात आम्ही दोघी एकत्र नर्सिंग शिकलो, ती तिथंच एका हॉस्पिटलात राहिली. सर आमच्याकडे तिच्याच हॉस्पिटलातून आले होते, हे मला माहीत होतं. मी काहीच आरोप केला नाही. फक्त विचारलं की ते तुमच्याकडून का गेले.

तिनं उलट मलाच विचारलं, “तिकडं बायकांच्या वॉर्डाला घेतलंय का त्याला?”

तिच्याकडे एका पेशंटच्या लेकीनं आवाज उठवला होता. तिथल्या लोकांनी राजीनामा घेऊन विषय मिटवला आणि वर अनुभवाचं पत्रही दिलं. मैत्रीण म्हणाली, मला तेव्हाच कळवायला हवं होतं, पण कोणाला कळवायचं तेच कळेना. फोन ठेवल्यावर मला कळलं की तो तोडगा आपण मान्य केला तर पुढच्या वर्षी आणखी कुठल्या तरी गावातली सिस्टर मला असाच फोन करील.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः उठून दार लावलं आणि पोलिसांना फोन केला. मालकांना नंतर सांगितलं. महिला अधिकारी साध्या कपड्यांत वॉर्डात आल्या. जबाब वॉर्डाशेजारच्या खोलीत घेतला, त्याचं चित्रीकरण केलं. आत अक्का, जाऊ, दुभाषी म्हणून मिरजेच्या बाई, आणि त्या अधिकारी. मी बाहेर बसले होते. दोन तास लागले. दार उघडलं तेव्हा अक्का थकलेली होती, पण चादर मांडीवर होती, गळ्यापाशी नव्हती.

सरांना अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. स्टाफमध्ये दोन तट पडले. पेढे खाल्लेल्यांना ते पटत नव्हतं. एकीनं मला तोंडावर विचारलं की मामांच्या वेळीही तुझी खात्रीच होती ना? ती चुकीचं विचारत नव्हती.

मामांच्या घरी मी एका रविवारी गेले. आधी हॉस्पिटलकडून त्यांच्या निर्दोषपणाचं लेखी पत्र घेतलं आणि मगच गेले. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांच्या बायकोनं मला बसा म्हटलं, आणि ती आत निघून गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. मी झालं ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. मामांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“बाई, तुमी तिला इचारलं,” ते म्हणाले, “मला न्हाई इचारलं. मी सांगितलं असतं की ती त्या खोलीच्या दारात रोज खुर्ची धरती म्हून. मला वाटलं, व्यायाम दुखत असंल.”

कामावर परत या म्हटल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. गावात चार दिवसांत काय काय पसरलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते परत आले नाहीत. नंतर हॉस्पिटलात नियम झाला की कुठल्याही बाई पेशंटला तपासताना किंवा व्यायाम देताना स्टाफमधली दुसरी बाई हजर हवी. काही दिवस तो कडक पाळला गेला, मग गर्दीच्या दिवशी ढिला पडायला लागला. तेव्हा मेट्रनबाई आणि मी आळीपाळीनं फिरून पडदे बाजूला करायचो. लोक वैतागायचे.

मी आता ती नोकरी सोडलीय. पण सवय सुटलेली नाही. नुकतं वडिलांना लोणंदच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथं कंपाउंडरनं पडदा ओढला आणि मी उठून आत गेले. आई म्हणाली, तुला सगळीकडं वाईटच दिसतं. दिसतं खरं. ते चांगलं आहे असं मी म्हणत नाही.

खटला चालू आहे. माझी साक्ष बंद दालनात झाली. समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला की याआधी तुम्ही दुसऱ्याच एका माणसाचं नाव घेतलं होतं, हे खरं आहे का. मी खरं आहे म्हटलं. तेव्हाही पेशंटनं ‘हो’ म्हटलं होतं ना, असं त्यांनी विचारलं. मी न्यायाधीशांना चमच्याची आणि मांजराची गोष्ट सांगितली, मग वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. साताऱ्याची ती पेशंट आणि तिची लेक दोघींनी साक्ष द्यायचं कबूल केलंय, माझी मैत्रीणही येणार आहे.

त्याच दिवशी साक्षीला अक्काही आली होती. काठी टेकत, हळूहळू, पण चालत. या वेळी सोबत जाऊ होती आणि नवराही होता, घोंगडी खांद्यावर टाकलेला, कोणाशीच न बोलणारा. त्याला कधी, कसं सांगितलं, ते मला माहीत नाही. तिला आता पंधरा-वीस शब्द येतात. जावेनं सांगितलं की साक्षीआधी सरकारी वकील बाईंनी तिला विचारलं, थकलात का, पुढची तारीख घेऊ का? तर ती म्हणाली, “नगं. आज.”